डावीकडचा ॲक्सिलरेटर

गाडी रॅम्पवर चढली की मालकाला काही काम उरत नाही. पाना त्याला धरता येत नाही, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज येत नाही. मग तो बोलतो. मी गाडीखाली पाठीवर पडलेला असतो. मला त्याच्या चपला दिसतात आणि मतं ऐकू येतात. चार वर्षं हे चाललंय. हे किस्से मी गोळा केलेले नाहीत, ऑइलसारखे वरून अंगावर पडलेत.

गॅरेज धायरीत, संदीपदादाचं. आम्ही गाड्या मॉडिफाय करतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून मी इथे आलो. नापास झालो नव्हतो. कंटाळलो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुण्यात कॉलेज सोडलं म्हटलं की समोरचा आधी "किती विषय राहिले?" असं विचारतो.

साधी गाडी बरी की सजवलेली, यावर या शहरात प्रत्येकाला मत आहे. आमच्या घरात ते नुसतं मत राहिलं नाही. पप्पांची गाडी दहा महिने विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती, आणि पप्पा वर तिसऱ्या मजल्यावर बसून होते. गाडीत एक बदल केला असता तर दोघंही बाहेर पडू शकत होते. तो बदल पप्पांना मान्य नव्हता.

* * *

कोथरूडचे एक निवृत्त प्राध्यापक. साधी हॅचबॅक, अकरा वर्षं जुनी. हॉर्न बंद पडला म्हणून आले होते. शेजारच्या रॅम्पवर एका मुलाची गाडी होती, सस्पेन्शन खाली घेतलेली, रुंद टायर लावलेली. ती बघून सरांनी काठी टेकली आणि सुरू झाले.

"मॉडिफिकेशन हा न्यूनगंड असतो. कंपनीत शिकलेली माणसं बसलेली असतात. त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं का?"

"नाही सर," म्हटलं, आणि हॉर्नची वायर शोधायला त्यांच्या गाडीत शिरलो.

सीटवर टॉवेल. टॉवेलवर मण्यांची चटई. चटईवर उशी. खिडक्यांना घरी शिवलेले पडदे, नाडीसकट. स्टिअरिंगला सुतळी गुंडाळलेली. हँडब्रेकला पायमोजा. डॅशबोर्डवर एक पंखा आणि दोन घड्याळं, त्यातलं एक बंद. डिकीत घडीची खुर्ची, पाण्याचा कॅन आणि तीन छत्र्या. मागच्या काचेवर सुवाच्य अक्षरात पाटी: "हॉर्न ऐकू येतो. उत्तर देणे बंधनकारक नाही."

संदीपदादा डोकावला. "सर, ह्यात कंपनीची गाडी कुठं हाय?"

सर अजिबात हलले नाहीत. "अहो, याला सोय म्हणतात."

तेव्हा मला व्याख्या कळली. साठीच्या पुढच्याने केलं तर सोय. पंचविशीतल्याने केलं तर थेरं.

* * *

पप्पांची व्याख्या तर याहून कडक. त्यांनी गाडीला साधं स्टिकरसुद्धा लावलं नाही. "कंपनीने दिलंय ते विचार करून दिलंय." गाडी आली त्या दिवशी आईने बुद्धवंदना घेतली, शेजारी पेढे वाटले, आणि पप्पांनी खाली उभं राहून सगळी कागदपत्रं दोनदा वाचली. आमच्या खानदानातली पहिली चारचाकी. आजोबा कारखान्यात हेल्पर, पप्पा सरकारी क्लार्क, पुढे मी इंजिनिअर होणार, असं ठरलेलं. मी गॅरेजात गेलो तेव्हा ते एकच वाक्य बोलले, "चांगल्या गाड्या बिघडवायला जातोस तर." त्यानंतर गॅरेजबद्दल एक शब्द नाही. धायरीला ते कधी आले नाहीत.

मग शुगर वाढली, पायाची जखम बरी होईना, आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

गाडी ऑटोमॅटिक. तिला क्लच नाही. म्हणजे डावा पाय शाबूत असला की पुरे, फक्त ॲक्सिलरेटर ब्रेकच्या डाव्या बाजूला घ्यायचा आणि उजवीकडचा झाकायचा. माझं दुपारभराचं काम. असं काम मी आधी दोन गाड्यांना केलेलं होतं. पण ते नियमात बसवायला आरटीओची परवानगी लागते, आणि त्याच्या आधी दिव्यांग असल्याचं प्रमाणपत्र लागतं.

इथे आमचं घोडं अडलं. कारण ते प्रमाणपत्र सरकारी इस्पितळातल्या ज्या खिडकीत मिळतं, पप्पा निवृत्त होईपर्यंत त्याच खिडकीत बसत होते. प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांचे कागद तपासून घेणं, हे त्यांचं टेबल. कडक माणूस म्हणून नाव होतं. घरी येऊन अभिमानाने सांगायचे, माझ्या हातून एकही अपुरी फाईल आत गेलेली नाही.

"तो कागद माझ्यासाठी नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला पाय नाहीये, पप्पा. मग तो कुणासाठी आहे?"

आई ताट ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली. ते वाक्य मी अजून परत घेतलेलं नाही.

आणि कागदाशिवाय पेडल बसवून गपचूप चालवावी, तर तेही नाही. नियम म्हणजे नियम. नियमासाठी कागद हवा, कागदासाठी खिडकीच्या बाहेर उभं राहायला हवं. ते बसून राहिले.

* * *

आमच्या गॅरेजला एक माळा आहे. गाडी मॉडिफाय केली की काढलेले मूळ पार्ट आम्ही फेकत नाही. मालकाचं नाव लिहून माळ्यावर ठेवतो. कारण तो परत येतोच. गाडी विकायची असली की येतो, बाप रागावला की येतो.

हिंजवडीचा एक आयटीवाला लग्नासाठी आला. काळी सेडान, मोठा स्पॉयलर, लाल सीट, अलॉय. "रविवारी मुलगी बघायला जायचंय. मुलीचे वडील बँकेतून रिटायर झालेत. घरचे म्हणतात, ही गाडी बघून ते दारातूनच परत पाठवतील. सगळं स्टॉक, कंपनीतून आलं तसं, करून द्या."

दोन दिवस मी ती गाडी साधी करत होतो. स्वतःचंच काम स्वतः उपसायचं. शनिवारी गाडी घेऊन गेला तेव्हा ती शेजारच्या काकांची वाटत होती.

सोमवारी परत आला. मी विचारलं, "काय झालं?"

"पोहे झाले. मग ते मला सोडायला खाली आले. गाडी बघितली. म्हणाले, पॅकेज तर मोठं सांगितलं होतं, गाडी अगदीच बेताची दिसते."

स्थळ मोडलं. त्याचे मूळ पार्ट पुन्हा माळ्यावर गेले. ज्येष्ठांना नक्की काय हवं असतं हे मला अजून कळलेलं नाही. त्यांना ते स्वतःला कळलेलं असेल, असंही वाटत नाही.

* * *

संदीपदादाचे चुलते आप्पा. रस्त्याकडेची जमीन बिल्डरला गेली आणि आप्पांनी भली मोठी एसयूव्ही घेतली. पुढे लोखंडी गार्ड, वर सहा दिवे, बाजूला चढायला पायऱ्या. सगळं मी बसवलं. आप्पांचं मत, "गाडी लांबून दिसली पायजे."

लांबून दिसली. पण घराच्या गल्लीत वळेना. आप्पांची गल्ली बैलगाडीच्या मापाची. मग गाडी सिंहगड रोडला लावायची आणि आप्पांनी घरापर्यंत पायी यायचं, दिवसातून चार वेळा. गोठ्यासाठी आणलेली पेंडीची पोतीही तिथून डोक्यावर.

"गाडी घेतली आन् चालायला लागलो," आप्पा मला म्हणाले. "डाक्टर खूस हाय. तुझ्या बापालाबी सांग, गाडी उभी हाय तर हाय म्हणावं. मानसानं चालावं."

"आप्पा, त्यांना एक पाय नाहीये."

आप्पा गाडीला टेकून उभे होते, ते सरळ झाले. गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "मग गाडी चालती करून दे की त्याला."

चौथी शिकलेल्या माणसाला हे कळायला दोन मिनिटं लागली. आमच्या शिकलेल्या घरात दहावा महिना चालला होता.

* * *

आईने शेवटी मलाच धरलं. "मला शिकव. हे खाली उतरत नाहीत, तर मी उतरते."

रविवारी सकाळी कव्हर काढलं, बॅटरी चार्ज करून लावली. आईची उंची बेताची, तिला बॉनेट दिसेना. खाली दोन उशा दिल्या. पार्किंगमध्ये पुढे-मागे, पुढे-मागे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत पप्पा. आधी पेपर वाचत होते. मग पेपर खाली गेला.

"स्टिअरिंग उलटं फिरवतेय ती. सांग तिला."

"मी सांगतोय, पप्पा."

"आरसा बघ म्हणावं. अगं, आरसा!"

आईने आरशात बघितलं, आरशात पप्पा दिसतात का ते, आणि गाडी मागे पिलरवर घातली. बंपर आत गेला. सोसायटीतले चार काका लगेच जमले. एकाने सांगितलं, बायकांनी स्कूटर बरी. दुसऱ्याने सांगितलं, रिव्हर्स कॅमेरा बसवून घ्या. आई उशांवर तशीच बसून होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

लिफ्टचं दार वाजलं. पप्पा कुबड्यांवर बाहेर आले. कुणी बोलावलेलं नव्हतं. काकांकडे त्यांनी बघितलं नाही. बंपरही बघितला नाही.

"उतर," आईला म्हणाले.

उशा बाजूला काढून ते आत बसले. पँटचा उजवा पाय लोंबत होता, तो त्यांनी हाताने उचलून बाजूला केला. डावा पाय ब्रेकवर ठेवला. मग तो उचलून उजवीकडच्या पेडलपर्यंत नेऊन बघितला. नीट पोचला नाही. परत ब्रेकवर ठेवला. असं तीन-चार वेळा.

काका एकेक करून निघून गेले.

"हे इकडे आणायला किती वेळ लागतो?"

"दुपारभर."

"आणि कागद?"

"ते तुम्हाला माहीत," मी म्हटलं.

* * *

कागद झाला. पेडल बसलं. पप्पा आता गाडी चालवतात आणि आई बाजूला बसून आरसा बघायला सांगते. ते असो. त्या कागदाला चार दिवस लागले, ते सांगतो.

फाईल मी स्वतः लावली होती. फोटो, दाखले, झेरॉक्स, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. सकाळी दहाला आम्ही त्या सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात पोचलो. खिडकीत शिंदे, पप्पांच्या हाताखाली शिकलेले. पप्पांना बघून उठून उभेच राहिले. "सर, तुम्ही कशाला आलात? आत या ना, आतूनच घेतो."

"बाकावर लोक बसलेत, शिंदे," पप्पा म्हणाले, आणि बाकावर जाऊन बसले.

शेजारी एक चाळिशीचा माणूस, पायाला आधाराचा कॅलिपर. प्रमाणपत्राचं नूतनीकरण करायला आलेला. तो बराच वेळ पप्पांकडे बघत होता.

"तुम्ही या खिडकीत होता ना?"

"होतो."

"मला तुम्ही तीनदा परत पाठवलं होतं. मी तेव्हा दौंडहून यायचो."

मला वाटलं, पप्पा आता विषय बदलतील. ते म्हणाले, "काय कमी होतं?"

"एकदा फोटो नव्हता. एकदा शिक्का पुसट होता." तो आठवत होता, रागाने बोलत नव्हता. "आणि एकदा तुमची जेवायची वेळ झाली होती."

पप्पांनी मांडीवरची फाईल सरळ केली. त्या माणसाचा नंबर आला, तो गेला. मग आमचा आला. पप्पांनी खिडकीशी फाईल उघडली, चाळली आणि बंद केली.

"फोटो राहिला, शिंदे. येतो."

फोटो मी रात्री स्वतः पाकिटात घातले होते. रिक्षात पाकीट उघडून बघितलं. दोन्ही होते. मी ते पप्पांसमोर धरले. ते बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी फोटो जोडलेले होते. पुन्हा रिक्षा, पुन्हा कुबड्या, पुन्हा बाक. खिडकीशी पप्पांनी एक कागद उजेडात धरला. "हा शिक्का पुसट आहे. घेऊ नका."

"सर, वाचता येतोय की."

"मला येत नाही."

मी तिथेच बोललो. म्हटलं, तुम्हाला झेपतंय का हे, काखेत फोड आलेत तुमच्या, काय चालवलंय तुम्ही. सगळा बाक ऐकत होता. पप्पा म्हणाले, "तू उद्या नाही आलास तरी चालेल."

तिसऱ्या दिवशीही मी गेलो. शिक्का नवा, ठळक. फोटो जागेवर. शिंद्यांनी प्रत्येक पान उलटून बघितलं, सगळं बरोबर होतं. त्यांनी पेन उघडलं.

पप्पांनी खिडकीतून हात घालून फाईल मागे ओढून घेतली.

"तुमची जेवायची वेळ झाली, शिंदे."

शिंद्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सर, अजून अकरासुद्धा वाजले नाहीत."

"जेवून घ्या," पप्पा म्हणाले, आणि कुबड्या काखेत घेतल्या.