सिमेंटवरचं सारवण

मला सारवता येत नाही. धामापूरच्या पंचक्रोशीत हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे लपवून उपयोग नाही.

माझं माहेर खारेपाटणचं, ऐन बाजारपेठेतलं. घरात फरशी होती, ओलं फडकं फिरवलं की काम झालं. शेणाचा आणि माझा संबंध गाईमागून चालताना पाय जपून टाकण्यापुरता! अशी मी लग्न होऊन पडले ती नेमकी आयेच्या घरात. आये म्हणजे माझी सासू. तिच्या सारवणाचं अख्ख्या वाडीत नाव होतं. माजघरातली काळीभोर जमीन आणि तिच्यावर आयेच्या बोटांच्या एकसारख्या, गोल वळणाच्या रेघा. माझ्या नणंदेला बघायला आलेले पाहुणे मुलीऐवजी जमिनीकडेच बघत बसायचे. (नणंद ह्यावरून बरेच दिवस आयेशी धड बोलत नव्हती.)

मी सारवलं की तिथे कोंबड्या भांडून गेल्यासारखं दिसायचं. आये मात्र मला एक शब्द बोलायची नाही. मी घागर घेऊन विहिरीवर गेले की ती पदर खोचायची आणि सगळं माजघर पुन्हा सारवून काढायची! मी परत यावं तर जमीन लख्ख आणि आये जागची हललीच नाही अशी तांदूळ निवडत बसलेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एकदा, फक्त एकदा, माझं सारवण तिने तसंच ठेवावं, एवढंच माझं मागणं होतं.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. त्या श्रावणात माजघराच्या जमिनीला वाळवी लागली, ओल वर आली आणि नेमका गणपती बसतो तो कोपरा खचला. चतुर्थी तोंडावर आलेली. आमचे हे चतुर्थीच्या रजेवर मुंबईहून आले होते.

"सिमीट घालूया," हे म्हणाले. "पावसात पण घट्ट होता."

"आणि तेच्यार सारवूचा कसा?" आयेने विचारलं.

"सारवूचा लागणाच नाय, आये!"

जेवायची गरज नाही असं सांगितल्यासारखं आयेने ह्यांच्याकडे बघितलं. मी मात्र आत जाऊन गुपचूप देवापुढे साखर ठेवली.

तोवर आमच्याकडे जमीन घालणं म्हणजे एका घराचं काम नसे. लाल माती भिजवायची, पायांनी मळायची, पसरायची. मग घरटी एक माणूस आपापलं चोपणं, म्हणजे दांड्याची जाड फळी, घेऊन यायचा आणि सगळे ओळीने बसून धपाधप ती माती चोपायचे. चोपताना गावातल्या सगळ्या भानगडी निघायच्या. जमीन जितकी टणक हवी तितकी भानगड मोठी लागे! वरून करवंट्यांच्या कोळशाची पूड टाकून गुळगुळीत दगडाने घोटलं की ती काळी चमक यायची. आमची जुनी जमीन अशी सगळ्या वाडीच्या हाताखालून गेलेली होती. पण पावसाळ्यात ती वाळत नाही, दिवाळीपर्यंत थांबावं लागतं, आणि गणपती काही दिवाळीपर्यंत थांबत नाही.

तेव्हा सिमेंट ठरलं. मालवणहून गवंडी आला. आणि त्याच्या मागोमाग, भर पावसात, डोक्यावर पानांची इरली घेऊन वाडी आली! प्रत्येकाच्या काखेत चोपणं. सगळ्यांत पुढे आमची शेजारीण भागीवयनी.

"जमीन घालतत म्हणान आयकलंव," ती म्हणाली. "सांगूक नाय ता? आमी काय परके?"

"अगो वयनी, सिमीट चोपूचा नसता!" गवंडी ओरडला.

"मगे आमी काय करूचा?"

"काय एक करूचा नाय. बसा."

ती माणसं पडवीत ओळीने बसली. मांडीवर कोरडी चोपणी आणि हातात गुळाचा चहा. बोलायला एवढ्या भानगडी होत्या, पण हाताला काम नसल्यावर कोणाला एकही आठवेना! चहा संपला, पाऊस जरा उतरला, तशी ती एकेक करून उठून गेली. पुढे एकेका घरात सिमेंट आलं आणि ती चोपणी विहिरीवर कपडे बडवायला लागली. त्या दिवशी मात्र आये दाराशी उभी राहून त्यांच्या पाठमोऱ्या इरल्यांकडे बघत होती.

"वाडीन चोपल्याशिवाय जमीन आपली कशी होतली गो?" ती मला म्हणाली.

मला खरंच वाईट वाटलं. (सारवण सुटणार म्हणून आतून उकळ्या फुटत होत्या, त्याही खऱ्याच.)

दुपारपर्यंत गवंड्याने माजघरभर सिमेंट पसरून सारखं केलं. "आता ह्या थोडा घट्ट होवंदे. मी जेवान येतंय आणि मगे घोटतंय. तोपर्यंत कोणी पाय घालू नकात," असं बजावून तो शेजारच्या वाडीत पाहुण्यांकडे जेवायला गेला. हे गणपतीच्या शाळेत मूर्तीचा रंग कुठवर आला ते बघायला गेले. आणि पाऊस असा कोसळला की दोघंही गेले तिथेच अडकले.

घरात आम्ही दोघी. आये शेणाचं टोपलं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"नव्या जमनीर पयलो हात सुनेचो. आपल्या घरची रीत आसा."

"पण आये, गवंडी पाय घालू नकात म्हणालो."

"गवंडी जातलो मालवणाक. देव बसतलो हय! बिनशेणाच्या जमनीर मी देवाक बसवचंय नाय. कोपऱ्यात इल्लासा लाव, पुरे."

"आणि कोपऱ्यात जावचा कसा?"

"पाटार पाय ठेवन जा."

मी दोन पाट घेतले. एकावर उभं राहायचं, मागचा उचलून पुढे टाकायचा, त्यावर पाय द्यायचा. अशी मी टोपलं सांभाळत कोपऱ्यापर्यंत पोचले आणि देवाच्या जागेवर शेणाचा हात फिरवला. इथवर सगळं छान झालं. परत येताना माजघराच्या मधोमध मागचा पाट चिकटला. ओढला, हलेना. दोन्ही हातांनी ओढला. पाट सुटला आणि मी बसले. सिमेंटात. चांगली ऐसपैस!

"ऊठ गो! आदी ऊठ!" आये उंबऱ्यातून किंचाळली.

मी उठले आणि मागे वळून बघितलं. गणपतीच्या माजघरात, बरोबर मधोमध, माझी बैठक उमटली होती! तिच्या दोन बाजूंना दोन पंजे, आणि भोवती पाटांचे चौकोन. चतुर्थीला आरतीला सगळी वाडी इथे उभी राहणार होती.

"पूस ता! पूस!"

जमिनीवरची खूण कशी पुसायची? आमच्या घराला एकच रीत माहीत होती. हात शेणात बुडवायचा, फिरवायचा आणि मागे सरायचं. मी पुन्हा थेट कोपरा गाठला आणि तिथून सारवायला लागले. सारवत मागे आले की माझ्याच गुडघ्यांच्या खुणा पुढे दिसत. त्या पुसायला आणखी सारवायचं. शेण संपलं की आये उंबऱ्यातून नवा गोळा फेकायची आणि ओरडायची, "हय ऱ्हवला! थंय ऱ्हवला!" उंबऱ्याशी पोचले तेव्हा बैठक गेली होती, पंजे गेले होते, पाट गेले होते. आम्ही दोघींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग सिमेंटाने माझे हात चुरचुरायला लागले, आणि मग आमच्या डोळ्यांना सिमेंटात रुतलेल्या माझ्या बोटांच्या वाकड्यातिकड्या रेघा दिसल्या.

गवंडी संध्याकाळी परतला. त्याने वाकून थापी आपटली. खणखणीत आवाज आला.

"वयनी, ह्या काय?"

"सारवलंय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"जलमात सारवलेला सिमीट बघूक नव्हतंय! आता ह्या पुसाचा नाय. फोडूचाच लागतला."

फोडायला वेळ कुठे होता? हे घरी आले आणि उंबऱ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला हसू येईना. कोंबड्यांचं ते भांडण आता कायमचं झालं होतं. माझं सारवण आयेने तसंच ठेवावं हे माझं मागणं देवाने ऐकलं, पण ऐकायची ही काय तऱ्हा!

चतुर्थीच्या दिवशी सकाळी मी विहिरीवरून आले, तर माजघरात आये. पदर खोचलेला, शेजारी टोपलं. ती माझं सिमेंट पुन्हा सारवत होती!

मी दाराआडून बघत राहिले. आये आपल्या सवयीने झोकात हात फिरवायची, पण तिची बोटं माझ्या चरांत घसरायची आणि वळण वाकडं व्हायचं. पुन्हा हात उचलायची, पुन्हा तेच. शेवटी ती मागे टेकून बसली आणि आपल्याच हाताकडे बघायला लागली.

"वाडीत माझ्या हाताक नाव होता गो," माझी चाहूल लागताच ती म्हणाली. "तू तो पण वाकडो करून ठेवलंस."

मी माफी मागायला तोंड उघडलं. पण आयेच्या तोंडाचा कोपरा हलला, आणि आधी ती हसली आणि मग मी. दोघी इतक्या हसलो की घागर माझ्या कमरेवरून घसरायची राहिली होती.

तेवढ्यात भागीवयनी देवाला फुलं घेऊन आली. उंबऱ्यात थबकली. ओल्या सारवणावर डावीकडून उजवीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "आज सुनेन सारवल्यान वाटता!"

आयेने हात धुतले. माझ्याकडे एकदा बघितलं.

"होय," ती म्हणाली. "तिचोच हात. बरा सारवल्यान हा."

आयेने माझ्या सारवणाला बरं म्हटलं ते आयुष्यात एकदाच, आणि ते सारवण तिने स्वतः केलेलं होतं!