दोन हातांची मशीन

अमडापुरात लग्नघरी आचाऱ्याच्या आधी उकंडराव पोचायचे, खांद्यावर कुऱ्हाड टाकून. बाभळीचं गाठाळ खोड पुढं आलं की बाकीचे अंग चोरायचे आणि यांच्या अंगात मात्र संचारायचं. दोन घावांत गाठ मोकळी. कुणी कौतुक केलंच तर म्हणायचे, "जेवाले काय आहे ते सांगा." घरी गॅस आला, तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच, आणि त्या चुलीत दुसऱ्यानं फोडलेलं लाकूड कधी गेलं नाही.

गेल्या पोळ्यानंतर लकवा आला. उजवा हात गेला, जीभ तेवढी वाचली. मजुराकडून लाकडं फोडून घेतली त्या दिवशी उकंडराव जेवलेच नाहीत. तेव्हाच बायकोनं, कोकिळाबाईंनी, मनाशी ठरवलं: यांना बसल्या जागी चालवता येईल अशी लाकूड फोडायची मशीन आणायची. हाताला काम मिळालं की हा माणूस पुन्हा माणसात येईल, एवढीच बिचारीची आस.

पुतण्या गोपालला घेऊन त्या चिखलीच्या दुकानात गेल्या. दोन मशिनी होत्या. एक लहान. हापशीसारखा दांडा एका हातानं हाणायचा, लाकूड सावकाश तडकायचं. बाईंची नजर तिच्यावरच खिळली. दुसरी विजेची, दांडगी.

"चालवणार कोण, काकू?" दुकानदारानं विचारलं.

"आमचे हे. अमडापूरचे उकंडराव."

दुकानदार खुलला. "माह्या बहिणीच्या लग्नात लाकडं त्याइनंच फोडले होते! त्याइले हे बिमार माणसाचं खेळणं काऊन नेता? मोठी न्या."

इथं एकच वाक्य बोलायचं होतं. यांचा हात गेलाय. पण त्या माणसाच्या डोळ्यांत उकंडराव अजून ताठ उभे होते, आणि त्यांना तिथून खाली पाडायला बाईंची जीभ रेटेना. भारी मानी बाई!

"मोठीच द्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उकंडराव दाढी करून, धुतलेला सदरा घालून अंगणात स्टुलावर बसले. "लाव ना बे लवकर," म्हणत गोपालच्या मागं लागले. वायर जोडली. उकंडरावांनी डाव्या हातानं दांडा दाबला. काहीच हललं नाही. गोपालनं माहितीपुस्तक उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. हात पात्यात सापडू नये म्हणून दोन्ही हात लागत होते. एक दांड्यावर, एक बटणावर.

उकंडरावांनी डाव्या हातानं उजवा उचलून बटणावर ठेवला. दांडा धरेपर्यंत तो घसरून मांडीवर पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा बाईंना बघवेना.

"काका, बदलून आणतो. एका हाताचीबी होती तिथं," गोपाल बोलून गेला.

उकंडरावांनी बायकोकडं पाहिलं. "मंग ते काऊन नाही आणली?"

"दुकानदार तुमची तारीफ करून राह्यला होता. कसं सांगू त्याले..."

"लाज वाटली माही?"

"लाज नाही हो! त्याच्या ध्यानात तुम्ही अजून कुऱ्हाड घेऊन उभे आहा. मले मोडवलं नाही ते."

उकंडरावांनी मांडीवरचा हात डाव्या हातानं उचलून बाजूला ठेवला.

"तो कुऱ्हाडीवाला माणूस मेला म्हणून सांगाचं होतं," ते म्हणाले. "म्हणजे मले एका हाताची तरी भेटली असती."

दवाखान्यातही न रडलेल्या कोकिळाबाई तिथंच, मातीत बसून, मोठ्यानं रडल्या.