लवंग मऊ होईपर्यंत

आपांच्या वर्गात बसलं की पहिल्यांदा हातावर एक लवंग पडायची. "दाढंखाली धर. चावायची न्हाई. मऊ होईस्तवर त्वांड उघडायचं न्हाई," एवढं सांगून त्या स्वतःही एक लवंग तोंडात टाकायच्या आणि समोरच्या माणसाकडे बघत स्वस्थ बसायच्या. समुपदेशकाने कसं ऐकावं यावर एम.ए.ला मी दोन जाड पुस्तकं पाठ केली होती. त्यांत लवंगेचा उल्लेख कुठेही नव्हता.

आपा मूळच्या पौडच्या. बाजारपेठेत त्यांच्या धाकट्या भावाचं किराणा दुकान होतं, आणि वर्गाला लागणाऱ्या लवंगा तिथूनच यायच्या. पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या मानसोपचार विभागात तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या आणि सरळ गावी येऊन राहिल्या. विभागातल्या आम्हा समुपदेशकांना वर्षातून दोनदा उजळणी वर्ग करावा लागे, आणि तो आपांनीच घ्यावा असा सगळ्यांचा आग्रह असे. त्यांची अट एकच: वर्ग पौडलाच होणार. त्यामुळे एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची ती दोन वर्षं, ठरल्या रविवारी आम्ही सकाळची एस.टी. पकडून पौडच्या शाळेत जाऊन पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसत होतो.

पुण्यात असताना त्या म्हणे अगदी शुद्ध, पुस्तकी मराठी बोलत. पौडला एस.टी.तून उतरल्या की ते मराठी एस.टी.तच राहायचं. आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी एकदा नाक मुरडून विचारलं, "आपा, वीस वर्षं काम केल्यावर आता कसली उजळणी?" आपांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "घरात इळी हाय का? तिला धार लावता का न्हाई? मंग कानानं काय घोडं मारलंय?" ज्येष्ठ बाई पुढच्या वर्गाला सगळ्यांच्या आधी हजर होत्या.

सरावासाठी आपांनी गावातला एक हुकमी पेशंट तयार ठेवला होता. तो होता पौडचा शिंपी. जत्रेतल्या नाटकात दरसाल काम करणारा हा गृहस्थ आमच्यापुढे बसून कधी सुनेच्या जाचाने गांजलेला सासरा व्हायचा, कधी परीक्षेत नापास झालेला मुलगा. आम्ही त्याचं ऐकायचं, मग त्याच्याशी बोलायचं आणि शेवटी, त्याचा हुरूप वाढावा म्हणून, अभिनयाबद्दलही दोन शब्द सांगायचे. नापास मुलाचं वय पन्नास होतं आणि त्याला मिशा होत्या, पण तो रडायचा मात्र मनापासून.

आता माझं सांगते. मी पेठेतली, विद्यापीठात पहिली आलेली, आणि हे दोन्ही समोरच्याला पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था मी करत असे. नोकरीत दोन वर्षं पुरी होत आली होती. कायम होण्यासाठी आपांचा शेरा लागायचा. तो वाईट आला तर घरी वडिलांनी बँकेच्या परीक्षेचा अर्ज आणूनच ठेवला होता. "दुसऱ्यांची रडगाणी ऐकण्यापेक्षा ते बरं," असं त्यांचं मत. मला बँक नको होती. मला हेच काम हवं होतं आणि आपांचा शेरा उत्तमच येणार याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

शेवटच्या उजळणीच्या दिवशी आपा पलीकडच्या खोलीत नव्या मुलींना घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "अकराला तुझा पेशंट यील." अकराला एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, मुंडासं, पायांना चिखल. मनात म्हटलं, वा, आज शिंपीदादांनी कुणा नव्या नटाला पाठवलंय, आणि वेशभूषा तर फारच बारकाईने केली आहे.

त्यांनी नाव सांगितलं खंडूनाना, गाव उरवडे. बायको मंजुळा चैत्रात गेली. घरची गाय फक्त तिच्याच हाताला पान्हा सोडायची. आता कुणाला जवळ येऊ देत नाही. "म्हून मी मंजुळाचं लुगडं अंगावर घिऊन धार काडतो. वासानं फसतीया ती. पोरं हसत्यात. सून म्हन्ती, म्हाताऱ्याला येड लागलं." एवढं बोलून ते तोंड फिरवून बसले.

मी वहीत नोंद केली आणि अत्यंत आपुलकीने म्हणाले, "नाना, सुरुवात छान झाली. पण ते लुगड्याचं जरा जास्त होतंय. खरं वाटत नाही."

नाना माझ्याकडे बघत राहिले. "मंग?"

"ते वगळून एकदा सांगून बघता का?"

आणि त्या भल्या माणसाने लुगडं वगळून सगळं पुन्हा सांगितलं! मी म्हटलं, आता आवाज फार सपाट झाला. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. मी शाबासकी दिली. "रामराम बाई," म्हणून ते निघून गेले.

पाचच मिनिटांनी डोक्याला पंचा गुंडाळलेला शिंपी धापा टाकत दारात उभा राहिला. "माफ करा ताई, दुकानात गिऱ्हाईक हुतं. आज मी कोन हाय? निसताच दुःखी, का वाईच भ्रमिष्ट बी?"

मी वही मिटली. पलीकडच्या खोलीत जाऊन मी आपांना सगळं सांगितलं, लुगड्यासकट. मला वाटलं, आता फाडून खातील. त्यांनी तोंडातली लवंग काढून हातावर घेतली. नाना भावाच्या दुकानात आले होते तेव्हा त्यांना मन मोकळं करायला रविवारी शाळेत यायला आपांनीच सांगितलं होतं. "माझीबी चूक हाय," त्या म्हणाल्या. "तुला सांगाया पायजे हुतं. पर आता उरवड्याला जा आन त्याला खरं काय ते सांग. तो काय म्हनंल त्योच तुझा शेरा."

पिरंगुटपर्यंत एस.टी.ने गेले आणि तिथून पायी. वाटेत मला तीनदा वाटलं की परत फिरावं आणि वडिलांचा अर्ज भरून टाकावा. नाना गोठ्यात होते. अंगावर हिरवं लुगडं, डोईवरून पदर, गुडघ्यांत चरवी. गाय शांत उभी होती. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. धारेचा आवाज थांबला नाही.

"म्हंजी तुमी मला सोंगाड्या समजलात?"

"हो."

"आन ती तिसरी बारी कशी झाली?"

"वाईट, नाना. पहिलीच खरी होती."

"मलाबी तसंच वाटलं," नाना म्हणाले. "लुगडं काडल्यावं त्यात मंजुळाच ऱ्हायली न्हाई." मग चरवी बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे एक पोतं सरकवलं. "बसा. पयल्यापास्नं सांगतो."

मी बसले. त्या तासाभरात माझ्याकडून एकही सूचना गेली नाही. सुचलीच नाही. मंजुळाबाई गायीला शिव्या कशा द्यायच्या ते सांगताना नाना पदर सावरत हसले. मीही हसले आणि मला रडूही आलं.

पुढच्या बाजाराला आपांनी नानांना गाठलं आणि त्यांचं म्हणणं माझ्या कागदावर जसंच्या तसं उतरवलं: "चुकती. पर चूक सांगाया येती." खाली स्वतःची भर: "कायम करावे." विभागप्रमुखांनी मला बोलावून विचारलं, की हा शेरा चांगला समजायचा की वाईट. मी म्हटलं, मलाही नक्की माहीत नाही. मी कायम झाले. पुढे तोच वर्ग मी घेऊ लागले आणि शेरे लिहू लागले, पण इतका नेमका शेरा मला अजून एकदाही जमलेला नाही.

काही वर्षांनी आपा गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही जुन्या वर्गातल्या तिघी सकाळच्या एस.टी.ने पौडला गेलो. तोवर कबरस्तानात दफन होऊन गेलं होतं. वाटेत तिघींनीही आपांच्या भावाशी काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. माझी दोन वाक्यं तर फारच छान होती. दुकान बंद होतं. मागच्या पडवीत भाऊ भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात खंडूनाना. ऐंशीच्या घरातले नाना पहाटे उरवड्याहून चालत आले होते.

भाऊ बोलत होते. आपांनी लहानपणी त्यांना शाळेत पाठीवर बसवून कसं नेलं, आणि नदीच्या काठाला एकदा दोघंही कशी पडली, असलं काहीतरी, तुटक तुटक. मी पुढे होऊन म्हणाले, "आपा आम्हाला फार..."

नानांनी मान न वळवता हात वर केला.

"थांबा वाईच, बाई. त्यास्नी अजून बोलायचंय."

आम्ही तिघी, तिघींच्या मिळून सात पदव्या, चपला काढून नानांच्या मागे जमिनीवर बसलो. भाऊ पुन्हा नदीपासून सांगू लागले.