मिरच्यांचा धूर

शेजारी कुणी दृष्ट काढून निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या, की मला आमच्या नायगावच्या चाळीतली ती संध्याकाळ आठवते आणि नव्याने संताप येतो. माझ्या लेकीची अरुंद झालेली श्वासनलिका तिच्याच बरगडीची कूर्चा लावून डॉक्टरांनी रुंद केली होती. पण गळ्यातून श्वास घ्यायची नळी अजून काढलेली नव्हती, आणि त्या नळीपायी तिचा आवाज फुटत नसे. घरी आणून तास झाला नसेल, तोच माझ्या थोरल्या नणंदबाई निखारे घेऊन हजर. "ताई, धूर नको," म्हणेपर्यंत त्यांनी मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून निखाऱ्यांवर टाकल्यासुद्धा. आम्ही सगळे ठसकायला लागलो. "बघ, आपण खोकतोय आणि पोर कशी शांत! उतरली दृष्ट," ताई फुशारकीने म्हणाल्या. पोर शांत नव्हती. आवाजाशिवाय खोकत होती, ओठ निळे पडत होते. मी पाण्याची कळशी निखाऱ्यांवर उपडी केली. "दृष्टीवर पाणी ओततात का? अवदसा आठवलीय तुला!" म्हणून त्या वर्षभर रुसल्या. आता नळी जाऊन वर्षं लोटली, आणि ताई लग्नालग्नांतून मिरवतात, "मी दृष्ट काढली, म्हणून पोरीला वाचा फुटली." परवा लेकीनेच मांडवभर ऐकू जाईल असं विचारलं, "मग आत्या, माझी बरगडी कशाला कापली?"