मोहाच्या दिवसांतली गैरहजेरी

बाजारात वाळलेल्या मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला की मला देवपूरचा आमचा मोफत वर्ग आठवतो. सातपुड्याच्या पायथ्याची, वसतिगृहात राहणारी बारावीची मुलं तिथे कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत. खोली पत्र्याची, पंखा गरम वारा फिरवणारा, आणि भिंतीवर मुलांच्या वेळापत्रकापेक्षा देणगीदारांच्या सत्काराचे फोटोच जास्त. सलग तीन दिवस गैरहजर राहिलं की नाव कमी, हा नियम माझा. शिस्तीचा मला तेव्हा फार अभिमान होता. चैत्रात वर्गातली सर्वांत हुशार मुलगी गावी गेली आणि आठवडाभर परतली नाही, तेव्हा मी लाल शाईने तिचं नाव खोडलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील एसटीने आले आणि दारातच उभे राहिले. "सर, पोरनं नाव काबर काढं?" "भाऊ, परीक्षा तोंडावर आलीय आणि ती गावी बसलीय." "बठेल नही शे, मोह येची राहिनी. मोह काय तुमनं वेळापत्रक देखीसन पडस का?" पहाटे झाडाखाली पडणारी मोहफुलं वेचून विकायचे हेच दिवस, हे मी विसरलो होतो. ते पुढे म्हणाले, "पेपर मनाजोडे द्या. दुपारले ती झाडखाले बठीसन लिखी." मी सगळे सराव पेपर दिले आणि हजेरीपटात तिचं नाव पुन्हा लिहिलं. चार दिवसांनी पेपर चिकट डागांसकट, पण पूर्ण सोडवून परत आले. तिला प्रवेश मिळाला. आता त्याच वर्गात ती गणित शिकवते. मोहाच्या दिवसांत मुलांना सराव पेपर देऊन घरी जाऊ देते, पण पेपर कोरा आला तर नाव खोडते, आणि माझंही ऐकत नाही.