माझ्या नावाची दुसरी रेकॉर्ड

डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचो. पाठवणीच्या वेळचं नवरीच्या डोळ्यांतलं पाणी संथ करायचं आणि मागे सनई टाकायची, हे काम. संध्याकाळी घरी आलो की दार लोटून डीप हाऊस बनवायला बसायचो. नाचायचंच संगीत ते, पण धांगडधिंगा नसलेलं. खाली एकसारखा मऊ ठोका, वर हळूहळू उघडत जाणारे दोन-तीन सूर, शब्द जवळजवळ नाहीतच. वडिलांना एकदा हेडफोन दिले. त्यांनी बराच वेळ डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "छान आहे. पण गाणं कधी सुरू होणार?"

वडिलांचा जन्म सरावलीच्या बाजूच्या फुग्यांच्या कारखान्यात गेला. काचेचे साचे रबराच्या चिकात बुडवायचे, वाळवायचे, फुगे सोलून काढायचे. निवृत्त झाले तरी त्यांच्या शर्टांना अमोनियाचा वास यायचा. नापास फुग्यांच्या पिशव्या आमच्या घरात कायम असत. फुगवलेल्या फुग्यावर ओलं बोट घासलं की दात शिवशिवतील असा आवाज येतो. तो मी कापून इतका बारीक केला की झांजेच्या जागी बसला. मोठ्या फुग्यावर टिचकी मारली की पोटात घुमतं, तो घुमार खाली उतरवून त्याचा बेस केला. चार ट्रॅक झाले. सगळे वडिलांच्या फुग्यांतून निघालेले. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "फुगा वाजतो तो फक्त फुटताना."

२०१५ साली ते चार ट्रॅक मी युरोपातल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीला पाठवले. मालकाला आवडले. टोपणनाव त्यानेच सुचवलं, अर्धं माझ्या नावातलं, अर्धं डहाणूतलं. करार आला, मी सही केली. रेकॉर्डची खाच कोरणाऱ्या तिथल्या कारागिराचा निरोप आला की फुग्याची किंकाळी थोडी कमी कर, नाहीतर सुई उडेल. मी कमी केली. पुढे काही महिन्यांनी पार्सल आलं. पोस्टमनने आरसा असेल म्हणून ते छातीशी धरून आणलं होतं.

टर्नटेबल मी आधीच मुंबईच्या जुन्या बाजारातून आणून ठेवलं होतं. सुई टेकली आणि माझाच बेस मला अनोळखी वाटला. कॉम्प्युटरवर तो कोरडा, कडक वाटायचा. इथे तो जमिनीतून वर आल्यासारखा गोल झाला होता. बाजू संपत आली, सुई मधल्या कागदाकडे सरकली, तसा वरचा आवाज जरा मलूल झाला, तोसुद्धा मला आवडला. त्या दिवसाइतका मी नंतर कधी खूश झालो नाही. वडिलांनी तबकडी उजेडात धरून बघितली. "तवा काळाच लागतो का रे?" एवढंच विचारलं.

रेकॉर्ड तिकडे खपली. मग मालकाचा व्हिडिओ कॉल आला. दुसरी करू या म्हणाला, पण या वेळी तुझं गाव ऐकू यायला हवं.

मी म्हटलं, "पहिलीत सगळं गावच आहे."

"तसं नाही. तुमच्याकडे ते भोपळ्याचं आदिवासी वाद्य असतं ना, मी व्हिडिओ बघितलाय."

"तारपा. तो वारल्यांचा आहे. भात कापलं की ते त्यावर नाचतात. माझ्या घरात कोणी वाजवलेला नाही."

"इथे ते कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," मी म्हटलं. तो हसला, विचार कर म्हणाला. मी नवे तीन ट्रॅक पाठवले, पुन्हा फुग्यांचेच. उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी तलासरीकडच्या एका लग्नाचं शूटिंग उरकून घरी येत होतो. अंगणातच पाऊल थबकलं. घरातून तारपा ऐकू येत होता, खाली हाऊसचा ठोका. आत वडील टर्नटेबलसमोर खुर्चीत बसून मांडीवर ताल धरत होते. पार्सल दुपारी आलं होतं. कव्हरवर वारली चित्रांतली फेर धरलेली माणसं आणि माझं टोपणनाव.

"ये, ये," वडील म्हणाले. "हा तवा झकास जमलाय. याच्यात काहीतरी ऐकू येतं. आपल्याकडचं वाटतं."

"बाबा, हे मी केलेलं नाही."

त्यांनी कव्हर उलटसुलट केलं. "नाव तर तुझंच आहे."

"नाव माझं आहे. वाजवलंय दुसऱ्या कोणीतरी."

मग त्यांनी रेकॉर्ड उलटी केली आणि दुसरी बाजू लावली.

मी मालकाला लिहिलं. त्याने सौजन्याने उत्तर दिलं. करारानुसार ते नाव कंपनीचं आहे, ते एक प्रोजेक्ट आहे, माणूस नव्हे, आणि ज्याने ट्रॅक केले तो अतिशय संवेदनशील कलाकार आहे. करार काढून वाचला. तसंच लिहिलेलं होतं. ओळखीच्या वकिलाने तो चाळून परत केला आणि तिकडे जाऊन भांडणार आहेस का, असं विचारलं. इंटरनेटवर कोणीतरी लिहिलं होतं की पहिल्या रेकॉर्डवर हा कलाकार चाचपडत होता, आता त्याला आपली मुळं सापडली. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

तलासरीकडच्या पाड्यावर ज्या घरचं लग्न होतं तिथले एक मास्तर अल्बम घ्यायला स्टुडिओत आले. त्यांचे वडील तारपा वाजवतात, हे मला लग्नातच कळलं होतं. त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यावर तीच रेकॉर्ड.

"हे तुम्हीच ना? भाच्याने शोधलं."

मी सगळं सांगायला लागलो. कंपनी, करार, फुगे. सांगता सांगता माझं मलाच ते पोकळ वाटायला लागलं. मास्तरांनी मध्येच थांबवलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तारपा पाहिजे होता तर आमच्याकडे यायचं होतं. बाबांनी वाजवला असता. नाही म्हटलं नसतं." अल्बम पिशवीत घालून ते गेले. त्यानंतर त्या पाड्यावरच्या लग्नांची कामं दुसऱ्या स्टुडिओला जाऊ लागली.

वडिलांना मी नंतरही दोनदा समजावलं. त्यांना समजत होतं, असं मला आता वाटतं. पण नातेवाईक आले की ते तीच रेकॉर्ड लावत, पहिली नाही. पाहुणे मान डोलवत. मुलाने युरोपात नाव काढलं म्हणत. मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात जायचो.

एका रविवारी जेवताना त्यांनी विचारलं, "पुढची कधी?"

"येईल," मी म्हटलं.

आणि मी काही न पाठवताही ती खरंच आली, २०१८ मध्ये. पोस्टमनने हाक मारून पार्सल ओट्यावर ठेवलं. वडिलांनी विळीने दोरी कापली. मी टर्नटेबलची वायर लावून दिली आणि कामावर निघून गेलो.