पुढून बटणांचा फ्रॉक

मुलांनो,

गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीचा फोन आला. तिची अडीच वर्षांची लेक आता शाळेत जाते. तिथे त्यांना एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायला, स्वतःची बटणं लावायला आणि राग आला की रडू आलं हे ओळखून सांगायला शिकवतात, असं ती मोठ्या कौतुकाने सांगत होती. मी म्हटलं, "तुझ्या आईला हे सगळं त्याच वयात येत होतं, आणि तेही जव्हारला, घरच्या घरी." ती म्हणाली, "आईला विचारलं, पण तिला काहीच आठवत नाही."

तिला कसं आठवणार? ज्यांना आठवत होतं ते तुमचे आजोबा आणि माझ्या सासूबाई आता नाहीत. ही गोष्ट माझ्या एकटीपाशी उरली आहे आणि माझं वय झालं आहे. म्हणून लिहिते. क्रमाने लिहिते, मला तीच सवय आहे.

जव्हारचं संस्थान विलीन झालं त्याला थोडाच काळ लोटला होता. कचेरीवरची पाटी बदलली, शिक्के बदलले, आणि तुमच्या आजोबांची बदली मोखाड्याला झाली. ते शनिवारी संध्याकाळी घरी येत आणि सोमवारी पहाटे परत जात. आठवडाभर घरात आम्ही तिघी: मी, सासूबाई आणि तुमची आई. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. माणूस दिसे, पण चेहरा ओळखू येत नसे. मात्र हे त्या कबूल करत नसत.

मुलींची शाळाही सरकारकडे गेली होती आणि तिथे मॅट्रिक झालेल्या शिक्षिका हव्या होत्या. मी नाशिकला इंग्रजी शाळेत शिकून मॅट्रिक झालेली. गावात अशा बायका फार नव्हत्या. थंडी सरता सरता शाळेच्या मोठ्या बाई स्वतः घरी आल्या. त्यांच्या एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर जायच्या होत्या. चैत्रात शाळा सकाळची भरते, तेवढे दिवस मी शिकवावं. काम पसंत पडलं तर जूनपासून कायमचं घेऊ, असं त्या म्हणाल्या. मला हे काम किती हवं होतं ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. पाटीवर लिहिलेलं पुसून टाकावं तसं माझं शिक्षण चार भिंतींत पुसलं जात होतं.

मोठ्या बाई गेल्यावर सासूबाईंनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "तू जाशील. पण हे वारं माझ्या पदरात टाकून जाशील. मला ते धरवायचं नाही."

"वारं नाही हो सासूबाई, शहाणी आहे ती."

"शहाणी? काल देवाचा गंध खाल्लान तिनं." मग त्यांनी अट घातली. पोरीने आपल्या हाताने जेवलं पाहिजे, शी-शू आधी सांगितली पाहिजे, आणि मी नसताना उंबरा ओलांडता कामा नये. "मला एक दिवस जरी हिनं रडवलं," त्या म्हणाल्या, "तर दुसऱ्या दिवसापासून तुझी शाळा बंद."

दीड-दोन महिने हातात होते. समुद्राकडच्या गावांतून लहान मुलांसाठी बालवाड्या निघाल्या आहेत असं ऐकून होते, पण आमच्याकडे तसं काही नव्हतं. घरात जे होतं तेच मी कामाला लावलं. आधी नागली, म्हणजे नाचणी. दोन वाट्या घेऊन दाणे इकडून तिकडे ओतायचे. सांडले तर वेचायचे, आणि नागलीचा दाणा मोहरीएवढा, त्यामुळे वेचण्याचा कंटाळा येऊन सांडणं आपोआप कमी झालं. दाणे जमले तेव्हा पाणी. तेही तुळशीजवळ, म्हणजे सांडलं तरी झाडाला. तिला एक लहान पितळी तांब्या दिला आणि रोज तुळशीला पाणी घालणं हे तिचं काम ठरवलं.

बाजाराच्या दिवशी पाड्यांवरच्या बायका पळसाच्या पानांच्या द्रोणांतून बोरं आणत. ती घेतली की तिच्यापुढे ताटात ओतायची. लाल एका वाटीत, हिरवी दुसऱ्या वाटीत. हिरवं एक तरी तोंडात जायचंच, मग डोळे घट्ट मिटून ती म्हणायची, "आंबट." मी म्हणायची, "मग ते कुठल्या वाटीत?" वाल सोलणं, धुतलेले पंचे जोडीने घडी घालणं, दाराची खालची कडी लावणं, सगळं असंच झालं.

बटणांचं मात्र अडलं. त्या काळी मुलींच्या फ्रॉकला पाठीमागे बटणं असत. पाठीमागचं बटण मोठ्या माणसालासुद्धा लागत नाही. मी तिच्या तिन्ही फ्रॉकची बटणं उसवून पुढे लावली, मोठी, सदऱ्याची. सासूबाईंनी हात फिरवून पाहिलं.

"हे काय, उलटा फ्रॉक?"

"तिला स्वतःला काढता-घालता यावा म्हणून."

"मुलीच्या जातीला स्वतःहून कपडे काढायला शिकवत्येस? शहाणीच आहेस."

शनिवारी आजोबा आले तेव्हा हे गाऱ्हाणं त्यांच्यापुढे गेलं. ते पायातल्या वहाणा काढत म्हणाले, "आई, देशातली सगळी संस्थानं विलीन झाली. तुमचं तेवढं अजून शाबूत आहे." सासूबाई हसल्या नाहीत, पण फ्रॉकबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत.

सगळ्यांत कठीण होतं ते तिला स्वतःच्या आत काय चाललंय ते कळणं. मूल रडतं, आपण खायला देतो. कधी त्याला झोप आलेली असते. म्हणून ती रडू लागली की मी तिचा हात तिच्याच पोटावर ठेवून विचारायची, "इथे काय म्हणतंय? भूक, का कंटाळा?" सासूबाईंना ही थट्टाच वाटे. "पोटाला विचारून कुणी जेवतं का? वेळ झाली की जेवायचं." एकदा त्याच तिला भरवायला बसल्या. हिने तोंड मिटून घेतलं. मग हात पोटावर ठेवला, विचार केला आणि म्हणाली, "भूक नाही. राग आलाय."

"कुणाचा गं?"

"तुझा."

सासूबाईंनी घास परत ताटात ठेवला. मला वाटलं आता संपलं. त्या म्हणाल्या, "बरं. गेला की सांग." थोड्या वेळाने ती त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "गेला." आणि जेवली.

इथे तुम्हाला सोवळं म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या स्वयंपाकघरात पाटावर एक तांब्याचा हंडा असे. त्यातलं पाणी देवाचं आणि नैवेद्याच्या स्वयंपाकाचं. आंघोळ करून, धुतलेलं वेगळं लुगडं नेसून, कुणाला न शिवता ते भरायचं आणि तसंच वापरायचं. सोवळ्यात असलेल्या माणसालाही कुणी शिवायचं नाही. विटाळ अंगावरच्या कपड्यांचा. त्यामुळे उघडं लहान मूल सोवळ्यात चालत असे. तुमची आई सोवळ्यातल्या आजीकडे धावली की त्या ओरडत, "आधी फ्रॉक काढा हिचा." तो काढायला अर्थातच मला जावं लागे. रोजच्या पिण्याचं पाणी दाराजवळच्या माठात असे. हंड्याला हात लावायचा नाही, हे मी तिला इतकं पक्कं शिकवलं होतं की ती त्याच्या बाजूने जाताना दोन्ही हात पाठीमागे धरून चाले.

चैत्र आला आणि मी शाळेत जाऊ लागले. पहिले दिवस नीट गेले. मी घरी येई तेव्हा दोघी आपापल्या जागी असत, आणि सासूबाई एकच वाक्य बोलत, "आज नाही रडवलं." ते वाक्य ऐकेपर्यंत माझ्या जिवात जीव नसे.

मग एके दिवशी चैत्रगौरीचा नैवेद्य होता. विहिरीला पाणी कमी. आमच्याकडे चैत्रात नेहमीच असं. पहाटे सासूबाईंचा हंडा भरून झाला आणि मग घागर नुसता गाळ वर आणू लागली. झरे भरायला वेळ लागणार होता. परत आल्यावर माठ भरू म्हणून मी शाळेत गेले. सासूबाई सोवळं नेसून पुरणाला बसल्या. नैवेद्य दाखवेपर्यंत त्या काही खात नसत, चहासुद्धा नाही.

साडेअकराच्या सुमारास मी परतले तर दार आतून लावलेलं. हाक मारली. आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मी आहे, तुझी आई."

खालची कडी निघाली. दारात तुमची आई, अंगावर सूतही नाही, ओठांवर बोट. "हळू बोल. आजीला गरगरलं."

मी आत धावले. चूल विझलेली होती. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर ओला, चेहरा पांढरा, आणि त्या हसत होत्या. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

झालं होतं ते असं. पुरण घोटताना त्यांना अंधारी आली. कशाबशा भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "बाळ, पाणी आण." ही वाटी घेऊन माठाकडे गेली. माठ कोरडा. तिचा तांब्याही रिकामा, कारण तो सकाळीच तुळशीला गेला होता. ती परत आली.

"माठात नाही."

"मग हंड्यातलं आण."

"तो सोवळ्याचा. हात नाही लावायचा."

"मी सांगत्ये ना, लाव."

"आई नाही म्हणाली."

"अगं, तुझ्या आईला मीच सांगितलंय ते." सासूबाईंना धड बोलवत नव्हतं. त्यांना वाटलं आता आपण इथेच पडणार, आणि तेही स्वतःच्याच नियमापायी. त्या पुढे सांगत, "मी देवाला म्हटलं, ही पोर मला सोवळ्यात मारत्ये."

मग तुमच्या आईने एकदा हंड्याकडे पाहिलं. हातातली वाटी तिने खाली ठेवली. एक बटण काढलं. दुसरं काढलं. तिसरं अडलं, तेव्हा ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी ते काढलं. फ्रॉक काढून त्याची पंच्यासारखी घडी घातली, बाजूला ठेवली, आणि वाटी घेऊन हंड्याकडे गेली. वाटी बुडवली, दोन्ही हातांनी धरली आणि पाण्याकडे बघत हळूहळू चालत आली. थेंब सांडला नाही. सासूबाई पाणी प्यायल्या. तिने पुन्हा आणलं. ते सासूबाईंनी डोक्यावर थापलं.

थोडं बरं वाटल्यावर त्यांनी विचारलं, "तुला भीती नाही का वाटली?"

तिने पोटावर हात ठेवून पाहिलं. "वाटली," म्हणाली. "अजून आहे."

तिला कुणी सांगितलं नव्हतं, फ्रॉक काढ म्हणून. दोन नियम एकमेकांवर आदळले होते आणि अडीच वर्षांच्या मुलीने त्यातून स्वतःची वाट काढली होती. बटणं मी शिकवली, वाटी मी शिकवली, सोवळं सासूबाईंनी शिकवलं. ते सगळं एकत्र कसं लावायचं ते तिचं तिने ठरवलं. आयुष्यभर मी मुलींना शिकवलं, अनेक हुशार मुली पाहिल्या. पण त्या सकाळी मला जो अभिमान वाटला तसा पुन्हा क्वचितच वाटला. मी तिला उचलून घेतलं तर ती म्हणाली, "मला शिवू नको. मी सोवळ्यात आहे."

मी लिंबू-साखरेचं पाणी केलं. ते पिता पिता माझ्या लक्षात आलं की आज सासूबाई रडल्या होत्या. हसून का होईना, पण डोळ्यांतून पाणी आलं होतं, आणि अट अट असते. मी विचारलं, "उद्या मी शाळेत जाऊ ना?"

त्यांनी भांडं खाली ठेवलं. "जा. जूनपासूनही जा. आमचं आम्ही दोघी बघू. फक्त माठ भरून जात जा."

त्याच संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. प्रत्येकीला कैरीच्या डाळीबरोबर ही हकिगत मिळाली. दर खेपेला अंधारी थोडी वाढायची आणि नात थोडी लहान व्हायची. कुणीतरी म्हणालं, "सूनबाईंनी छान वळण लावलंय हो." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "तिची आई असते शाळेत. घरी मी आहे." मी डाळ वाढत राहिले. शनिवारी आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, उघड्या पोरीच्या हातचं पाणी चाललं, मग तो उलटा फ्रॉक चालला का?"

"चालला," त्या म्हणाल्या. "पाठीमागे बटणं असती तर मी मेल्येच असते."

जूनमध्ये मी कायम झाले. पुढे त्याच शाळेत अनेक वर्षं काढली, शेवटी मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसले. सासूबाईंचे डोळे पुढे पुरते गेले. त्यांना सुईत दोरा ओवून द्यायला, गोळीचा रंग सांगायला, पायरी आली की थांबवायला तुमची आई असे. एक कुठे आहे हे दुसरीला न बोलता कळायचं.

ते घर आम्ही विकलं, तिथे आता दुकानं आहेत. विहीर बुजवली. सोवळं माझ्याच हयातीत संपलं, आणि त्याचं मला दुःख नाही. मुलींची शाळा आहे. चैत्रात ती अजून सकाळचीच भरते.